कूस बदलायची वेळ

वहिनीसाहेबांनी सर्दीच्या औषधाची बाटली ओट्यावर, माझ्या पिठाच्या परातीशेजारी ठेवली.

"आजी, झोपताना दोन चमचे घाला नातीच्या घशात. आमच्या पोराची बारावी आहे. ही रात्रभर केकाटते."

टेबलाशी बसलेली पाहुणी हसली. "दिवाळीत आमच्या टॉमीला आम्ही हेच देतो. फटाके वाजले तरी उठत नाही."

मी तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाले, "व्हय, वहिनीसाहेब."

ते 'व्हय' मला अजून टोचतं.

मी चौथी शिकलेली बाई. कोल्हापुरात त्या बंगल्यात भाकऱ्या करायचे आणि मागच्या खोलीत राहायचे. सोबत सात वर्षांची नात. तिची आई, माझी लेक, काविळीनं गेली. पोरीचं अंग लाकडासारखं ताठ. जन्मली तेव्हा ती रडलीच नव्हती, मेंदूला इजा झाली. तेव्हा सगळे तिला रडवायला थापट्या मारत होते. आता सगळ्यांना ती गप्प हवी होती.

मलाही हवी होती. खोटं कशाला लिहू. दृष्ट काढून झाली, जोतिबाचा गुलाल लावून झाला. तरी तासा-दोन तासांनी किंकाळी. हट्टी आहे, असं मीच म्हणायचे. एकदा थोबाडीतही मारली.

चार दिवस औषध दिलं. पोर गप्प. वहिनीसाहेबांनी खूश होऊन वाटीभर बासुंदी दिली. मी ती खाल्ली.

पाचव्या दिवशी सकाळी पेज भरवताना औषधाच्या गुंगीत तिची मान लुळी पडली. ठसका लागला, ओठ निळे झाले. रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेली. वाचली.

तिथं व्यायाम शिकवणारी एक तरुण बाई होती. तिनं नातीचा पाय हळूच बाजूला केला. नात किंचाळली. अगदी तीच, रात्रीची किंकाळी.

"आजी, हिला आपली आपण कूस बदलता येती?"

"न्हाय."

"मग रात्री कोण बदलतं?"

मी नातीचा फ्रॉक गुडघ्यावर ओढला.

"खुब्याचं हाड सरकायला लागलंय. एका अंगावर पडून दुखतंय तिला. ती हाक मारती तुम्हाला."

हाक. आणि मी त्या हाकेला थोबाडीत मारली होती.

चाळीस वर्षं भाकऱ्या केल्या. भाकरी कधी उलटायची ते मला वासावरून कळतं. एक करपू दिली नाही. आणि माझी पोर एका अंगावर जळत होती, तिला उलटायचं मला सुचलं नाही.

परत आले. बाटली ओट्यावर ठेवली.

"ही तुमची."

"आणि रडली तर?"

"रडंल की. दुखतंय तिला."

"आमच्या झोपेचं काय?"

"कानात कापूस घाला."

"खोली आमची आहे, आजी."

"पोर माझी हाय."

दोन दिवसांत खोली सोडली. आता दुसऱ्या गल्लीत पत्र्याखाली राहतो. झोपताना तिच्या गुडघ्यांमध्ये उशी देते. गजर लावून उठते, तिची कूस बदलते. रडणं कमी झालंय, थांबलेलं नाही. खुबा जागेवर येईलच असं कुणी सांगत नाही. माझंही वय झालंय. मी गेल्यावर तिला कोण उलटणार?

पण तिच्याजवळ तेवढा एकच आवाज आहे. कुणाच्या झोपेसाठी तो मी पुन्हा दाबणार नाही.

काल इथली घरमालकीण दारात आली. म्हणाली, "पोरगी लई रडती की हो तुमची."

म्हटलं, "व्हय. आणि रडणार."