कसं मोजलंस?

बाईंचा जीव त्या दिवशी टांगणीला लागला होता, आणि लागणार नाही तर काय! नवऱ्याचं काम सुटलेलं, स्वतःची नोकरी तात्पुरती, आणि ती कायम करायची की नाही हे ठरवायला तपासणीचे साहेब मागच्या बाकावर येऊन बसलेले.

म्हणून एरवी पाठांतराच्या नावाने बोटं मोडणाऱ्या बाईंनी आठवडाभर वर्गाकडून एकच गणित घोटून घेतलं होतं. घरापासून चौकापर्यंत तीन वाटा, चौकापासून शाळेपर्यंत दोन. किती तऱ्हांनी शाळेत येता येईल? उत्तर सहा. पोरांनी झोपेतसुद्धा सहाच म्हटलं असतं.

बाईंनी फळ्यावर वाटा काढल्या. खडू मोडला. हुशार पोरांचे हात वर गेले, पण साहेबांनी नेमकं मुंगीकडे बोट दाखवलं. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी.

"चार," मुंगी म्हणाली.

साहेबांचं पेन कागदावर टेकलं.

"चूक. बस खाली," बाई म्हणाल्या.

उत्तर काहीही येवो, बाई आधी विचारायच्या, कसं मोजलंस? आज ते त्यांनी गिळलं होतं. मुंगी अजून उभीच होती, त्या प्रश्नाची वाट बघत. बाईंना स्वतःची लाज वाटली. नोकरी गेली खड्ड्यात, असं काही त्यांच्या मनात आलं नाही हं; नोकरी हवीच होती. तरी त्या वळल्या.

"कसं मोजलंस?"

"गोदामाच्या वाटेवरचा कुत्रा आज परत मागे लागला. ती वाट नाही धरली. चौकापर्यंत दोनच उरल्या. दोन दुणे चार."

"मग आठवडाभर सहा का म्हणत होतीस?"

विचारलं आणि बाईंनी जीभ चावली.

"तुम्हीच सांगितलं होतं ना, साहेब आले की सहा म्हणायचं."

"खरं का हे?" साहेबांनी विचारलं.

थाप मारायला बाईंनी तोंड उघडलंही होतं, पण मुंगी टक लावून बघत होती. "खरं," त्या म्हणाल्या.

"मग आता न घोटलेलं गणित घाला. त्यावर ठरवतो," साहेब म्हणाले.

बाई मुंगीजवळ गेल्या. "मुंगे, उद्या सकाळी मी काठी घेऊन तुझ्या घरी येते. कुत्र्याला मी बघते. आता किती?"

मुंगीने बराच वेळ बोटं मोजली. "सहा."

बाई विचारणार, तोच मागून साहेबांचा आवाज आला.

"कसं मोजलंस?"

मुंगी सांगत होती तेवढ्यात साहेबांनी कागदावर 'कायम' लिहून सही केली आणि पेनाला टोपण लावलं. बाई खुर्चीत बसल्या, आणि पोरांसमोर चक्क रडल्या.