बरोबर ठरलेलं उत्तर

अ‍ॅशबर्नमध्ये राहून अमेरिकेची सिटिझन झाल्यावरचं माझं ते पहिलंच मतदान. शेजारच्या कृष्णवर्णीय बाईंना मीच गाडीतून नेणार होते. वय ऐंशीच्या पुढे, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. टपालानं मत पाठवा म्हणून मी किती मागे लागले, पण ऐकतील तर शपथ. चर्चला जायची टोपी घालून, वॉकर धरून, बाई सकाळीच अंगणात तयार.

सिटिझनशिपच्या परीक्षेसाठी मी पोळ्या लाटताना प्रश्नोत्तरं घोकली होती आणि त्याचा मला भलताच तोरा होता. गाडीत तो मिरवायची हुक्की आली. म्हटलं, "इथं सगळ्या बायकांना एकोणीसशे वीसमध्येच मत मिळालं."

"माझ्या आईला नाही," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, वयामुळे घोळ होतोय. मी चक्क समजावायला लागले. बाईंनी मला बोलू दिलं आणि मग सांगितलं. त्यांची आई इथंच व्हर्जिनियात शाळेत शिकवायची. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली की कारकून तिच्यापुढे कोरा कागद सरकवायचा. काय लिहायचं ते सांगायचा नाही. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, आई सगळं सुवाच्य अक्षरात लिहून द्यायची. काहीतरी राहिलंय, म्हणायचा. काय, ते मात्र सांगायचा नाही; कृष्णवर्णीयांना मत देता येऊ नये म्हणून काढलेली ती साक्षरतेची परीक्षा. बाई तेव्हा लहान, दाराबाहेर उभ्या असायच्या. आई पुन्हा पुन्हा गेली, तशीच परत आली. एकोणीसशे पासष्टमध्ये कायदा बदलला, त्याच्या आधीच ती वारली.

 शाळेत शिकवणाऱ्या आईला लिहिता येत नाही म्हणे! आणि मी एकोणीसशे वीस हेच उत्तर देऊन परीक्षेत पास झाले होते. वर अधिकाऱ्यानं हसून शाबासकीही दिली होती.

केंद्रावर रांग पार फुटपाथपर्यंत आलेली. तिथं काम करणाऱ्या मुलीनं वॉकर पाहून सांगितलं, गाडीतच बसा, मतपत्रिका मी इथं आणून देते. मी हो म्हणणार, तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं.

"दाराबाहेर मी खूप थांबलेय," त्या म्हणाल्या. "आता आत जाणार."

रांगेत त्यांचे पाय लटपटत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. पण त्या आत गेल्या. मतपत्रिका हातात आल्यावर त्यांनी आधी ती उलटून पाहिली. कोरी नव्हती, छापलेली होती. कुणी दिलेली खुर्ची नाकारून बाईंनी उभ्यानंच मत दिलं. शेजारच्या टेबलाशी मीही माझी मतपत्रिका आधी उलटून पाहिली आणि मगच नावापुढचा पहिला गोल भरला.