होडीची मोरी

आमच्या घरी एक होडी होती. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, समुद्र तर सुट्टी काढून बघायला जावं लागे इतका लांब, पण होडी होती.

ती माझ्या मेहुण्यांची, म्हणजे वसंतरावांची. ते नौदलात होते. जायकवाडीचं धरण भरलं तेव्हा त्यांनी मुंबईहून ही जुनी, शिडाची लाकडी होडी ट्रकमधून औरंगाबादेत आणली, दोन रविवार नाथसागरात फिरवली आणि लगेच त्यांची विशाखापट्टणमला बदली झाली. "दाजी, हिच्यावरच मी शीड धरायला शिकलो. जपा," असं सांगून ते होडी आमच्या अंगणात ठेवून गेले. मी जपली. म्हणजे अंगणातून कुणाला नेऊ दिली नाही. बाकी चार वर्षं तिनं ऊन-पाऊस निमूटपणे सोसला आणि उन्हाळ्यात माझी बायको, सुधा, तिच्यावर कुरडया वाळत घालायची. (कुरडया उत्तम वाळायच्या!)

अशाच एका सकाळी वाळवणावरचा कावळा हाकलायला मी होडीवर एक पाय टाकला आणि वरची फळी मोडून मांडीपर्यंत आत गेलो. नेमका तेव्हाच पोस्टमन आला. एक पाय होडीत आणि एक अंगणात अशा अवस्थेत मी पत्र फोडलं. वसंतराव पंधरा दिवसांनी सुट्टीवर येत होते आणि त्यांना होडी चालवायची होती.

सुधाचा चेहरा उतरला. वडिलांच्या मागे या भावानंच तिला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं, आणि आयुष्यात आमच्याकडे मागितलं ते एवढंच, होडी सांभाळा. "दादानं ही अशी बघितली तर मी त्याला कुठल्या तोंडानं राखी बांधू?" ती म्हणाली. मला खरंच लाज वाटली. आधी पाय सोडवला, मग सुतार शोधायला शहागंज गाठलं.

तिथं लाकडाच्या दुकानात शेंद्र्याचे नामदेव मिस्त्री भेटले. दारं, खिडक्या, बैलगाड्या यांत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. होडी मात्र त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. डेक खराब झालाय, असं मी त्यांना सांगितलं.

"डेक म्हंजी कॅशेटचा? त्ये काम आपलं नाय, साहेब."

"अहो, होडीचा वरचा भाग. ओटाच समजा ना."

"मंग ओटा म्हना की!"

माझ्यावर आजवर आलेली निम्मी संकटं अशीच, समोरच्याला चटकन कळावं म्हणून सोपा शब्द वापरल्यानं आलेली आहेत.

दहा दिवस मिस्त्री अंगणात राबले. सडक्या फळ्या काढल्या, सागवानी फळ्या बसवल्या, फटींत सुताचे पीळ ठोकून राळ ओतली, वर तेलाचे हात मारले. मी संध्याकाळी कचेरीतून आलो की त्यावरून हात फिरवत बसायचो. अकराव्या दिवशी पाहिलं तर फळ्यांना मागच्या बाजूला छान उतार दिलेला, आणि होडीच्या मागच्या फळीला, अगदी तळाशी, दोन बोटं जातील एवढं भोक! मी विचारलं, हे काय?

"मोरी. ओटा म्हनलं की उतार पायजे, अन् उतार म्हनलं की मोरी. पानी तुंबलं म्हनून तर पह्यला ओटा सडला न्हवं?"

सुधानं घागरभर पाणी ओतून पाहिलं. सगळं पाणी उतारानं मागच्या बसायच्या खोलगट जागेत आलं आणि मोरीतून घळाघळा बाहेर गेलं. आमच्या न्हाणीघरातसुद्धा असा निचरा नव्हता! मी तर टाळ्या वाजवल्या. पाणी जिथून जातं तिथूनच आतही येऊ शकतं, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सगळा जन्म मराठवाड्यात गेलेला. पाणी आपणहून आपल्याकडे येईल अशी सवयच नव्हती. उंदीर शिरू नयेत म्हणून मिस्त्रींनी मोरीत चिंध्यांचा बोळा तेवढा कोंबला. तो सुधानं, दादाला घाण दिसायला नको म्हणून, निघायच्या दिवशी उपटून फेकून दिला.

नाथसागराच्या काठी सुधा उभी राहिली, शेजारी आपला ओटा पाण्यात कसा दिसतो ते बघायला आलेले मिस्त्री. चकाकती होडी बघून वसंतराव खुशीत होते; मागे वाकून बघायचं त्यांना सुचलं नाही. मला त्यांनी वजन म्हणून मागच्या टोकाला बसवलं. शिडात वारा भरला, काठ लांब गेला आणि माझे मोजे ओले झाले.

मी हळूच वाकून पाहिलं. मोरी चालू होती, फक्त उलटी! मी बूट-मोजे काढले आणि टाच मोरीवर दाबून धरली. पाणी थांबलं. आता काठाला लागेपर्यंत हलायचं नाही, एवढाच प्रश्न होता.

"दाजी, होडी वळतेय, डावीकडे सरका," वसंतराव म्हणाले.

मी म्हणालो, इथंच बरं वाटतंय. होडी कलली. पुढच्या वळणाला उजवीकडे सरकायला सांगितलं, तेव्हा मी देखाव्याचं कौतुक सुरू केलं. भीती वाटतेय का, असं त्यांनी विचारलं. हो म्हणालो; ते खोटंही नव्हतं. (मला पोहता येत नाही, हे सांगायचं राहिलंच.) तिसऱ्या वळणाला माझ्या पोटरीत गोळा आला, पाय उचलला गेला आणि कारंजं उडालं.

"वसंतराव," मी म्हणालो, "मोरी आहे."

"कसली मोरी?"

"ओट्याची."

त्यांनी एकदा पाण्याकडे, एकदा माझ्या टाचेकडे पाहिलं. "दाजी, पाय परत लावा," एवढंच ते म्हणाले आणि होडी काठाकडे वळवली.

काठावर मी सगळं कबूल केलं. सुधाही रडत रडत सांगत कुरडयांच्या कबुलीपर्यंत आली. वसंतराव अनवाणी डेकवर चढले, पाय आपटून पाहिले, मग वाकून मोरीत दोन बोटं घातली.

"डेक नव्यापेक्षा झकास झालाय," ते म्हणाले. "आणि चांगल्या होड्यांना असं भोक असतंच, पाणी काढायला. हिलाच नव्हतं. फक्त त्याला बूच असतं, सुधे."

सुधा रडता रडता हसायला लागली, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मिस्त्रींनी तिथल्या तिथं बाभळीच्या लाकडाचं बूच तासून दिलं. ते अजून त्याच होडीत आहे आणि वसंतरावांनी त्याचं नाव ठेवलंय 'दाजी'. होडी पाण्यात लोटताना ते ओरडतात, "दाजी ठोकला का?" आणि फिरून आलो की सगळ्यांच्या देखत पहिलं काम म्हणजे दाजीला उपटून वाळत टाकणं.