‘नाही’ कुणी म्हणायचं?

इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या लावेयान पेठेत लोकांची ऑनलाइन दुकानं बांधून पोट भरणारी वुर्यानी भारी तोंडाळ. कुणाच्या नोकरीत नाही, त्यामुळे कुणाला भीतही नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "सगळ्यात मोठं, सगळ्यात नवं बांध," की ही म्हणायची, "आधी तुम्ही विकता कसं ते बघते. घरात माणसं दोन आणि पातेलं लग्नाचं, असं काम मी करत नाही."

बू (म्हणजे बाई) पार्मींच्या बातिकच्या दुकानाचं तेव्हा वाईट चाललं होतं. ईदच्या आत कपाटातली कापडं खपली नाहीत, तर मागच्या पडवीत मेणाने नक्षी काढणाऱ्या किनेमआजीला घरी बसवावं लागणार होतं. आजीची उभी हयात त्या मेणाच्या चुलीपाशी गेलेली. तिला सांगायचं कुठल्या तोंडाने, या विचाराने बूंची झोप उडाली होती.

जाकार्तातल्या भाच्याने, गालिहने, फोनवरून फर्मान सोडलं, "मावशी, स्वतःचा सर्व्हर घे. खरेदीची टोपली, पक्का भाव, सभासदांना सवलत, सगळं पाहिजे."

"हो रे बाबा, हो," बू म्हणाल्या.

बूंनी काम सोपवलं वुर्यानीवर. तिने आधी एक अख्खी सकाळ दुकानात बसून काढली. बायका येत, कापड उलटंपालटं करत, भाव पाडत. बू लटकंच रागावत, भाव उतरवत आणि वर एक रुमाल टाकत.

"बू, तुमचं दुकान बोलण्यावर चालतं," वुर्यानी म्हणाली. "टोपलीशी कोण घासाघीस करणार? भाड्याने मिळतं तसलं साधं, तयार दुकान घेऊ. प्रत्येक कापडाचा फोटो आणि खाली एक बटण. ते दाबलं की बाई थेट तुमच्या फोनवर बोलेल."

"गालिह हसेल गं."

"हसू दे. कापडं त्याला खपवायचीत की तुम्हाला?"

ऑनलाइन दुकान उघडलं आणि बूंचा फोन थांबेना. वुर्यानीची मान ताठ झाली. मग एका दुपारी बूंनी तिला रडवेल्या होऊन बोलावून घेतलं. पाखरांच्या नक्षीचं तपकिरी कापड एकच होतं, आणि बू ते तिघींना कबूल करून बसल्या होत्या. हाताने काढलेल्या कापडाला जुळं नसतं. पण समोरची गोड बोलली की आमच्या सोलोच्या बाईच्या तोंडून ‘नाही’ निघेल तर शपथ.

वुर्यानीने कपाळाला हात लावला. "माझंच चुकलं. याच गावात वाढले आणि हेच विसरले. पण बू, भीड भिकेची बहीण. आता पहिलीला हो म्हणालात की हे नवं बटण दाबायचं. फोटोखालचं बोलायचं बटण जाईल आणि तिथे ‘गेलं’ असं येईल. हो तुम्ही म्हणा, नाही यंत्र म्हणेल. त्याला कसली आलीय भीड?"

"आणि या दोघी?"

"यांना तुम्हीच सांगायचं. लावा फोन."

बूंनी फोन लावला, पण ‘नाही’ काही फुटेना. शेवटी म्हणाल्या, "ताई, ते कापड एकीने नेलं. तुमच्यासाठी नवीन काढून घेऊ का? ईदनंतर मिळेल." पलीकडची खूश झाली. दुसरीही थांबायला तयार झाली.

वुर्यानीने हसून लॅपटॉप उघडला. मग तिने ‘गेलं’च्या खाली आणखी एक बटण बसवलं: ‘असं माझ्यासाठी काढा.’

आपल्याला घरी बसवणार याची किनेमआजीला कुणकुण लागलीच होती. पडवीत तिने नक्षी काढायच्या मेणाच्या तोट्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. बू दारात उभ्या राहिल्या. "आजी, ईदनंतरही यायचंय हं. पाखरं काढायचीत."

आजी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिने फडक्याची गाठ सोडली आणि चूल पेटवली.