बँडाकडचे गेनूभाऊ

लग्नाला जाताना माणसं आहेर घेऊन जातात. गेनूभाऊ भाकरी घेऊन जात. फडक्यात बांधलेली भाकरी, कांदा आणि मिरचीचा ठेचा. मांडवात पंगत बसलेली असे, बुंदीचा वास अंगणभर पसरलेला असे, आणि गेनूभाऊ गोठ्याच्या सावलीत मांडी घालून आपली भाकरी मोडत असत. यजमान ओढायला आले की हात जोडून म्हणत, “मला कुणी बोलावल्यालं न्हाई. बँड वाजला, मी ऐकला, अक्षदा टाकल्या. जेवलो तर उद्या लोक म्हनतील, गेन्या बुंदीसाठी येतो.”

लोक तरीही तेच म्हणाले. पुढे त्याहून वाईटही म्हणाले. ते दुरुस्त करायचं माझ्याकडून राहून गेलं, आणि आता माझ्याशिवाय ते दुरुस्त करू शकेल असं फारसं कोणी उरलेलं नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि मी साताऱ्याकडून तिथे नोकरीला आलो होतो. येताना ट्रंकेत कपड्यांच्या खाली वडिलांची क्लॅरिनेट होती. चिंचवडला बाबूमियाँचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसा ते पंक्चर काढत आणि लग्नसराईत कॉर्नेट वाजवत. त्यांचा स्वतःचा बँड होता. लाल कोट, पिवळी पट्टी, आणि कोट एकाच्या मापाचा तर अंग दुसऱ्याचं. माझी क्लॅरिनेट ऐकून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “शिफ्ट सांभाळून येशील ना? मग उद्यापासून ये.”

माझं पहिलं लग्न सांगवीला होतं. म्हणजे वाजवण्याचं. मिरवणूक निघाली तेव्हा मोठ्या ढोलाच्या शेजारी एक काळासावळा, उंच माणूस चालू लागला. खांद्यावर घोंगडी, कमरेला फडकं. आमच्याबरोबर थांबायचा, आमच्याबरोबर चालायचा. मुलीच्या मामाला संशय आला.

“पाहुणे, मुलाकडचे का मुलीकडचे?”

“बँडाकडचा.”

“वाजवता काय?”

“न्हाई.”

“मग बँडात करता काय?”

“ऐकतो की!”

मामा आमच्याकडे बघू लागले. बाबूमियाँनी कॉर्नेटवरचे ओठ काढले आणि मला हळूच म्हणाले, “घाबरू नको, सातारकर. हा गेनू. आपला माणूस आहे. हा दिसला की समजायचं, बँड पुरा झाला.”

गेनूभाऊंचा चिंचवडलाच नदीकाठी मळा होता. वांगी, दुधी, थोडी मेथी. बायको लवकर गेलेली, घरात एकच लेक, हौसा. दुपारी बाजाराला माल न्यायची वेळ आणि कुठेतरी ढोलावर काठी पडायची वेळ एकच आली, तर वांगी पाटीतच राहत. हौसा कमरेवर हात ठेवून विचारायची, “आबा, मळ्याला पाणी कोण दील? बँड?” ते घोंगडी खांद्यावर टाकत म्हणत, “त्यांला कशाला त्रास? त्यांचं त्यांना काय कमी काम हाय?”

त्यांचे काही नेम होते. ते कधी बँडाच्या पुढे नाचले नाहीत. वाद्याला कधी हात लावला नाही. फर्माईश तर कधीच केली नाही. सिनेमाची नवी गाणी तेव्हा लोकांच्या तोंडी असायची, वरातीत पोरं आडवी येऊन गाणी मागायची. मी एकदा गेनूभाऊंना म्हणालो, “तुम्ही इतकं ऐकता, तुमच्या आवडीचं एखादं सांगा की. वाजवतो.”

ते दुखावल्यासारखे झाले. “मी काय गिऱ्हाईक हाय? गिऱ्हाईक फर्माईश करतं. घरचा मानूस वाढलं ते खातो.”

घरच्या माणसासारखं बोलायलाही ते कमी करत नसत. पिंपरीच्या कॅम्पात एका सिंधी लग्नात माझ्या क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती ऐन वेळी चिरली आणि असा काही आवाज निघाला की घोड्यावरचा नवरदेव दचकला. लोक हसणार तेवढ्यात गेनूभाऊ गरजले, “व्वा, सातारकर, व्वा!” इतक्या जोरात की लोकांना वाटलं, हे मुद्दाम केलेलं काहीतरी अवघड काम असावं. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. परतीच्या वाटेवर नदीकाठाला आलो, आजूबाजूला कोणी नाही हे बघून ते थांबले.

“काय वाजवलंस रं ते? म्हशीच्या शेपटीवर पाय दिल्यावानी!”

“मग मघाशी वाहवा कशाला केली?”

“ती लोकांसमोर. हे आपल्या-आपल्यात. लोकांसमोर आपला बँड कधी बेसूर नसतो.”

एकदा तळेगावच्या एका बड्या लग्नात पुण्याचा बँड येणार होता. सोनेरी गोंडे, चकचकीत वाद्यं. गेनूभाऊ तिकडे जाऊन आले. बाबूमियाँच्या दुकानात आम्ही त्यांना धरलं. “काय गेनू, फितूर झालास?”

“बघून आलो. त्यांचे बूट लई चमकतात. समद्यांचा पाय एकदमच पडतो. सूरबी बरा हाय, खोटं कशाला बोलू? पन वाजवताना त्यांच्यातला एकबी हसत न्हाई.”

“कॉर्नेट तोंडात धरून तू हसून दाखव बरं!” बाबूमियाँ म्हणाले.

“डोळ्यानं हसायचं, उस्ताद. तुमी हसता. तुमालाच ठावं न्हाई.”

बाबूमियाँ खाली मान घालून चाकाच्या तारा आवळत बसले. पण त्या आठवड्यातल्या सरावाला ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

मग हौसाचं लग्न ठरलं. मुलगा तळेगावचा, शेती बरी, माणसं मानाची. गेनूभाऊ कुंकू-अक्षता घेऊन सगळ्यात आधी सायकलच्या दुकानात आले. डोक्याला फेटा होता.

“मी सुपारी द्यायला आलो न्हाई,” ते म्हणाले, “ती नंतर दीन. आदी निवतं घ्या. वाजवायचं, आन मग पंगतीला बसायचं. त्या दिशी मीबी तुमच्याबरोबर बुंदी खानार.”

आम्ही कोट धुतले. कोट अदलाबदल करून प्रत्येकाला आपापल्या मापाचा दिला, जे बँड निघाल्यापासून कोणाला सुचलं नव्हतं. कारखान्यात मी पहिली पाळी मागून घेतली.

मुहूर्त गोरज होता. नवरदेव मारुतीच्या देवळात उतरलेला, तिथून मांडवापर्यंत एक गल्ली आणि मळ्याची वाट. रमतगमत गेलं तरी मुहूर्ताला भरपूर अवकाश होता. गेनूभाऊ दिवसभर यजमान होते. पाणी, पानसुपारी, मानपान. बँडाच्या जवळ फिरकायला त्यांना वेळ नव्हता. मधूनच लांबून बघत, आणि कोणी हाक मारली की लगेच पाठ फिरवत. मला त्यांची कीव आली. ज्याच्यासाठी आम्ही एवढं घोटून आलो होतो, त्यालाच ऐकायची सवड नव्हती.

मिरवणूक निघाली आणि बाबूमियाँनी एक जुनी चाल उचलली. कॉर्नेटने सोडली की मी धरायची, मी सोडली की ढोलाने. पहिल्या वळणालाच काहीतरी जुळून आलं. नवरदेवाची आत्या, चांगली पोक्त बाई, पदर खोचून नाचायला लागली. तिच्यामागे बायका, मग पोरं, मग घोडासुद्धा. गल्लीच्या मध्यावर मिरवणूक जी रुतली ती हलेना. ऊन नदीपलीकडे उतरलं. मांडवातून भटजींची हाक आली, “अहो, वेळ भरत आली!”

गेनूभाऊ गर्दीतून वाट काढत आमच्यापुढे आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते बँडाच्या पुढे उभे राहिले. हात जोडले. “बास, उस्ताद. बास. मुहूर्त हाय.”

बाबूमियाँनी कॉर्नेट खाली घेतली. ढोल थांबला. झांज थांबली.

मी थांबलो नाही.

गेनूभाऊंचे हात ‘थांब’ म्हणत होते आणि त्यांचा पाय जमिनीवर ठेका धरत होता. मी पायाचं ऐकलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट एवढीच की मला थांबायचं नव्हतं. रोज मी सुराला ओढत न्यायचो, त्या दिवशी सूर मला नेत होता. आत्याबाई पुन्हा गिरक्या घेऊ लागल्या, बायकांनी टाळ्या धरल्या, आणि ढोलवाल्यालाही राहवलं नाही.

आम्ही मांडवात पोचलो तेव्हा भटजी पंचांग मिटून बसले होते. कंदील लागले होते. मुहूर्त टळला होता.

नवरदेवाचे चुलते, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते आमच्या अंगावर आले. “मुहूर्त कोणी घालवला? या बँडवाल्यांनी! तळेगावपासून चाकणपर्यंत यांना कोणाच्या दारात उभं राहू देणार नाही. आणि वऱ्हाडी मंडळी, चला! असल्या घरात सोयरीक नको!” ते पायताण शोधू लागले.

नाना बोलले ते करणारे होते. बाबूमियाँचं घर पंक्चरवर चालत नव्हतं. मुहूर्त घालवणारा बँड म्हणून एकदा नाव झालं की कोणता मुलीचा बाप त्याला बोलावेल? मी तिथेच होतो. ओली क्लॅरिनेट हातात होती आणि तोंड उघडत नव्हतं.

गेनूभाऊ मध्ये आले.

“बँडाला बोल लावू नका, पावनं. ते थांबत व्हते. म्याच थांबू दिलं न्हाई. मांडवाच्या दारापातुर वाजवत ऱ्हावा, असं म्याच सांगितलं व्हतं.”

“स्वतःच्या लेकीचा मुहूर्त स्वतः घालवलात?”

“व्हय. याड हाय मला त्याचं. इचारा कुनालाबी.”

कोणाला विचारायची गरजच नव्हती. सगळं चिंचवड खदखदून हसलं, कारण गेनूभाऊंचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं. खोटं इतकं चपखल बसलं की त्यात कोणाला फट दिसली नाही. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि नानांच्या पायावर ठेवायला वाकले.

फेटा पायाला लागायच्या आत आत्याबाईंनी तो वरच्यावर धरला. त्यांना अजून धाप लागली होती. “नाना, बस खाली! मुहूर्त घालवला म्हणतोस, मग मघाशी तोंडात दोन बोटं घालून शिट्ट्या कोण मारत होतं? मी पाहिलं नाही होय? ओ भटजी, उघडा ते पंचांग. दुसरा निघतोय का बघा.”

“निघतो की,” भटजी म्हणाले. “मला कोणी विचारलंच नाही.”

नाना लाजले, मग हसले, मग बसले. पंगतीच्या आधीच अक्षता पडल्या. हौसाने हार घातला तेव्हा बाबूमियाँनी कॉर्नेट उचलली. मला मात्र क्लॅरिनेट फुंकता येईना.

वाद्यं बांधताना बाबूमियाँनी गेनूभाऊंना बाजूला घेतलं. “गेनू, खोटं का बोललास?”

“उस्ताद, मला एकच लेक. तिचं लगीन झालं. माझ्या दारात आता परत मांडव पडायचा न्हाई. माझं नाव खराब झालं तर त्यानं काय अडनार हाय? तुमचं उद्या पिंपळ्याला लगीन हाय. सकाळी लवकर निघायला लागंल. चला, पानं मांडलीत.”

मी काही दिवसांनी त्यांच्या मळ्यात गेलो. म्हणालो, “गेनूभाऊ, मी नानांना जाऊन खरं सांगतो.” ते वांगी तोडत होते. मान वर न करता म्हणाले, “तू साक्षीदार न्हाईस, क्लॅरिनेटवाला हायेस. फुंकायचं काम कर.” मला सुटल्यासारखं वाटलं. तेच वाटायला नको होतं.

कारण गोष्ट पसरली. कोणाला उशीर झाला की लोक म्हणत, “काय राव, गेनूचा मुहूर्त धरलाय का?” त्यात पदरचं मिसळत गेलं. कोणी म्हणे तो घोड्यापुढे आडवा झोपला. कोणी म्हणे प्यायला होता. कोणी म्हणे, त्याला लेकीपेक्षा बँड प्यारा. कारखान्याच्या कँटीनमध्ये ही गोष्ट मीसुद्धा हातवारे करून सांगितली आहे आणि चहावर हशा मिळवला आहे. गेनूभाऊंना कोणी तोंडावर चिडवलं तर ते मान डोलवत, “व्हय बाबा, व्हय,” आणि आमच्या बँडाबरोबर पुढच्या लग्नाला चालू लागत. आम्हाला सुपाऱ्या कधी कमी पडल्या नाहीत. उलट लोक कौतुकाने सांगत, ज्याच्यापायी बाप मुहूर्त विसरला, तो हा बँड!

काही वर्षांनी एका थंडीत ते गेले. थोडं दुखणं झालं, फार त्रास नाही. दहाव्याला मी पवनेच्या घाटावर गेलो. हौसा तळेगावहून आली होती, कडेवर लेकरू होतं. विधी उरकल्यावर मी तिला पायऱ्यांवर गाठलं.

“हौसा, तुझा मुहूर्त आबांनी नाही घालवला.”

“मला ठावं हाय, काका.”

“आबांनी सांगितलं?”

“ते कशाला सांगत्यात? मी आत पाटावर बसले व्हते. समदी वाद्यं थांबली आन एकच चालू ऱ्हायली. ढोल कोन्ता आन क्लॅरिनेट कोन्ती, येवढं मला कळत न्हाई व्हय? गेनूची लेक हाय मी.”

“मग कोणाला बोलली का नाहीस? लोक त्यांना इतकं हसले.”

“मी म्हनलं व्हतं आबांना. तर म्हनले, माझ्यावर हसत्यात तवर हसू दे. बँडावर हसली असती तर मला जेवन गेलं नसतं.”

माझा चेहरा बघून तिने लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि डोळे पुसता पुसता हसायला लागली. घाटावरचे लोक वळून बघू लागले.

“काका, आता एक खरं सांगू का? भटजी वरडत व्हते, मामी माझ्या कपाळाचं बाशिंग सारखं सारखं नीट करत व्हती, आन मी आत बसून मनात म्हनत व्हते, जाऊ दे तो मुहूर्त, पन ह्यो थांबू नये.”