इकॉनॉमिक्स अँड कोऑर्डिनेशन, तिसरा मजला

आमच्या ऑफिसात एक रिपोर्ट तयार व्हायला आठ महिने लागायचे. आधी 'ड्राफ्ट', मग 'फायनल ड्राफ्ट', मग 'फायनल फायनल' आणि शेवटी 'फायनल फायनल – हाच वापरा'. किस्सा मात्र घडल्यापासून पँट्रीत पोचेपर्यंतच फायनल झालेला असायचा! त्यामुळे सहा महिन्यांत माझ्या नावावर रिपोर्ट अर्धा आणि किस्से पोतंभर. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "तुझं ते बंगलोरचं ऑफिस काढ ना!" आणि एकदा काढलं की ते काही लवकर मिटत नाही.

मी नागपूरची. एम. ए. झाल्यावर इंदिरानगरातल्या एका आंतरराष्ट्रीय विकास संस्थेच्या ऑफिसात लागले. खाली केकचं दुकान, मध्ये दातांचा दवाखाना आणि वर आम्ही. माझं पद होतं 'इंटर्न, इकॉनॉमिक्स अँड कोऑर्डिनेशन'. इकॉनॉमिक्स म्हणजे एक्सेल आणि कोऑर्डिनेशन म्हणजे फोन, एवढं पहिल्या आठवड्यात कळलं. बाकीचं कळायच्या आत इंटर्नशिप संपली.

* * *

तिसऱ्याच दिवशी मी जिन्यात उभी राहून आईला फोनवर सांगत होते, "बाकी सगळे चांगले आहेत गं. फक्त तो ॲडमिनवाला म्हातारा फार खडूस आहे. साधा स्टेपलर द्यायलासुद्धा रजिस्टरमध्ये सही घेतो!"

मागून आवाज आला, "स्टेपलर पायजे तर सही कराच पडते मा."

मी गार. मागे ॲडमिनचे यल्लोजी राव उभे. सगळं ऑफिस त्यांना अण्णा म्हणायचं आणि ते सगळ्यांशी कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत बोलायचे. त्यांना मराठी येत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"अण्णा, तुम्ही मराठी?"

"घरात मराठीच. आमचे लोक तीन-चारशे वर्षांमागं आले इकडं. तू कधी आलीस?"

"रविवारी."

"सरी. म्हणजे मी सीनियर." मग त्यांनी विचारलं, "पण खडूस म्हणजे काय? हा शब्द आमच्या मराठीत नाही."

आता काय सांगणार? मी म्हटलं, "खडूस म्हणजे... शिस्तीचा. नियमानं चालणारा."

अण्णांना शब्द फार आवडला. पुढच्याच आठवड्यात पुण्याहून दोन पाहुणे आले. अण्णा त्यांना रिसेप्शनवर घ्यायला गेले आणि छाती काढून म्हणाले, "या, या! या ऑफिसात सगळ्यात खडूस माणूस मीच. काही लागलं तर मला सांगायचं!"

* * *

आमच्या प्रमुख इनग्रिड मॅडम नॉर्वेच्या. पन्नाशीच्या, उंच, अतिशय सभ्य. नव्यानंच बदलून आल्या होत्या. एका दुपारी हलसूरच्या मीटिंगहून त्या परत आल्या त्या चेहरा लालबुंद, बूट हातात. एवढं अंतर चालत आल्या होत्या!

"रिक्षा नाही मिळाली?" मी विचारलं.

"मी पाच जणांना विचारलं," त्या खुर्चीत कोसळत म्हणाल्या. "अण्णांनी शिकवलेलं 'येता का'चं वाक्यसुद्धा म्हटलं, 'इंदिरानगर बर्तीरा?' पण पाचही जण सॉरी म्हणाले. एक तर बिचारा इतका ओशाळला की माझ्यामागे रिक्षा घेऊन कोपऱ्यापर्यंत आला. सॉरी, सॉरी म्हणत होता. शेवटी मीच त्याला म्हटलं, इट्स ओके, मनाला लावून घेऊ नका!"

अण्णांनी हातातलं रजिस्टर खाली ठेवलं.

"मॅडम, सॉरी नाही. सरी! सरी म्हणजे हो. ठीक आहे. बसा."

मॅडमनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "पाचही जण?"

"पाचही जण."

अण्णा मग मान हलवत माझ्याकडे वळले आणि हळूच मराठीत म्हणाले, "बंगलोरात सलग पाच रिक्षावाले हो म्हणाले. आणि ही बाई चालत आली!"

* * *

माझं मुख्य काम होतं एक भलामोठा तक्ता सांभाळणं. कुठल्या तालुक्यात कुठली संस्था काय काम करते, याचा. संस्था ठरली नसेल तिथे टीबीडी लिहायचं, म्हणजे 'टू बी डिसायडेड', अजून ठरायचंय. रकाने पुष्कळ आणि ठरलेलं थोडं, त्यामुळे तक्ताभर टीबीडीच टीबीडी.

एकदा समन्वयाच्या बैठकीला एक मोठे सरकारी साहेब आले. नव्यानं बदलून आलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत अगदी लक्षपूर्वक वाचला. मला बरं वाटलं, कारण तो तक्ता आजवर माझ्याशिवाय कुणीच वाचला नव्हता.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बाकीच्या संस्थांनी यांच्याकडून शिकायला हवं. ही टीबीडी! पाणी, शिक्षण, पोषण, सगळीकडे आहे. दुर्गम तालुक्यांत तर फक्त हेच आहेत! यांचं कुणी आलंय का आज?"

बैठकीत वीसेक माणसं. कुणाची मान वर होईना. मी तर टेबलाखाली पेन शोधायला लागले, जे माझ्या हातातच होतं.

इनग्रिड मॅडमनी चेहऱ्यावरची रेघही न हलवता उत्तर दिलं, "त्यांना आम्ही दर वेळी बोलावतो, सर. पण ते कधीच येत नाहीत."

"खरं काम करणारे असेच असतात," साहेब म्हणाले.

* * *

हे हसण्यावारी गेलं. पण पुढच्या महिन्यात माझी स्वतःची चूक झाली, तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांमध्ये आम्ही कामगारांचा सर्व्हे केला होता. ज्याला उत्तर सांगता येत नाही, त्याच्यापुढे ९९ असा कोड टाकायचा, ही पद्धत. कोड बाजूला काढून मग सरासरी काढायची. मी तो काढलाच नाही! सरळ बटण दाबलं, रंगीत आलेख केला, स्लाइडवर चढवला आणि आमच्या सुब्बू सरांना दाखवायला नेला. सुब्बू सर म्हणजे ऑफिसातले सीनियर इकॉनॉमिस्ट. दहा मिनिटांनी मुख्यालयाशी कॉल होता.

सरांनी स्लाइडकडे शांतपणे पाहिलं.

"एका कारखान्यात कामाचा सरासरी अनुभव एकसष्ट वर्षं?"

"हो सर."

"आणि कामगारांचं सरासरी वय?"

मी पुढची स्लाइड काढली. "चौतीस."

"फार निष्ठावान माणसं आहेत," सर म्हणाले. "जन्माआधीच कामाला लागलेली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्लाइड काढून टाकली, कॉल कसाबसा पार पडला आणि मी पँट्रीत जाऊन नळ सोडून रडले. एम. ए.ला पहिला वर्ग, आणि ही अक्कल! आता घरी पाठवणार, हे नक्की.

सर चहा घ्यायला आले. माझ्याकडे न बघता कप विसळत म्हणाले, "मी तुझ्याएवढा असताना एका जिल्ह्यातली सगळी माणसं म्हशींच्या रकान्यात टाकली होती. रिपोर्ट छापूनसुद्धा आला."

माझं रडणं थांबलं. "मग? नोकरी गेली नाही?"

"कशी जाईल? कुणी वाचलाच नाही! म्हणून तर आज मी सीनियर आहे."

मग जाता जाता दारात थांबून म्हणाले, "उद्यापासून तुझा प्रत्येक आकडा आधी मी वाचणार." आणि इंटर्नशिप संपेपर्यंत खरंच एकूण एक आकडा वाचला त्यांनी.

* * *

त्याच सरांबरोबर मी एका सकाळी यशवंतपूरच्या घाऊक बाजारात गेले. भाज्यांचे भाव इतके वरखाली का होतात, यावर टिपण लिहायचं होतं. कांद्याच्या गल्लीत पोत्यांचे डोंगर, ट्रक मागे घेणाऱ्यांची आरडाओरड, आणि त्यात अचानक कानावर आलं, "आरं, ती गोणी इकडं लाव!"

मराठी! बंगलोरात ऑफिसबाहेर पहिल्यांदाच ऐकलेली. मी सरांना सोडून थेट तिकडे. सिन्नरकडचे एक काका होते, वीस वर्षांपासून इथे कांद्याची अडत करणारे. मीही मराठीच म्हटल्यावर त्यांनी लगेच एक गोणी झटकून बसायला दिली.

"काय शिकलीस पोरी?"

"इकॉनॉमिक्स."

काका सावरून बसले. आजूबाजूचे दोघं-तिघंही जवळ सरकले. "मंग एक सांग. पुढच्या आठवड्यात कांदा वर जाईल का खाली येईल?"

सुब्बू सर तोवर येऊन पोचले होते. त्यांच्यासमोर चुकायचं नव्हतं. मी घसा खाकरून म्हटलं, "ते पावसावर अवलंबून आहे. आवक किती होते त्यावर. शिवाय निर्यातीचं काय ठरतं, साठवणीतला माल कधी बाहेर येतो, यावरही..."

काकांनी गुडघ्यावर थाप मारली. मग चहावाल्याला हाक मारली, "दोन चहा आण रे! यांनाबी ठाऊक नाही. आपल्यातल्याच हायेत!"

सुब्बू सरांना मी सगळं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "आपल्या कामाचं इतकं बरोबर मूल्यमापन आजवर कुठल्याच कन्सल्टंटनं केलेलं नाही."

* * *

आणि हा शेवटचा. हा सांगताना माझं हसू थोडं अडखळतं, तरी सांगतेच.

इंटर्नशिप संपायच्या आधी आमचा मोठा कार्यक्रम होता. इंदिरानगरातल्या हॉटेलचा हॉल, बाहेरच्या देशांतले पाहुणे, विषय काम करणाऱ्या बायकांच्या दिवसाचा. मागे मोठं बॅनर: 'बायकांचा वेळ जातो कुठे?' इंग्रजीत. व्यासपीठावर चार तज्ज्ञ आणि पाचव्या खुर्चीवर प्रत्यक्ष काम करणारी बाई हवी, असा इनग्रिड मॅडमचा आग्रह. ती बाई आणायचं काम अर्थातच कोऑर्डिनेशनचं!

मी पीण्याला तीन खेपा घातल्या. पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात रत्नम्मा प्रेस मशीनवर काम करायच्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, नजर एकदम सरळ. सुपरवायझर अर्ध्या दिवसाची सुट्टी द्यायला तयार नव्हता. मी गेटवर उभी राहून त्याला पटवलं. रत्नम्मा तरीही तयार होईनात.

"एवढ्या शिकलेल्या लोकांपुढे मी काय बोलू?"

सोबत आलेल्या अण्णांमार्फत मी सांगितलं, "तुमचा दिवस कसा जातो, एवढंच. तुमचं ऐकायलाच सगळे येणार आहेत." हे वाक्य मी अगदी मनापासून बोलले होते.

त्या आल्या. इस्त्रीची साडी, केसांत अबोली, हातात मुलीच्या वहीतला एक कागद. पहाटे उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंतचं सगळं त्यावर लिहिलेलं. कन्नडचा दुभाषी आलाच नाही, म्हणून अण्णांनाच कोट घालून शेजारी बसवलं.

तज्ज्ञ बोलायला लागले. प्रत्येकाला दहा मिनिटं. वेळ संपल्याचा फलक धरून मी पहिल्या रांगेत. पहिल्यांनी फलकाकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या बाईंना मी 'दोन मिनिटं' दाखवलं, तर त्या गोड हसून "थँक यू" म्हणाल्या आणि आणखी पंधरा मिनिटं बोलल्या. तिसऱ्यांकडे बेचाळीस स्लाइड होत्या. चौथ्यांनी सुरुवातच केली, "मी थोडक्यात आटोपतो," आणि मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

रत्नम्मा ताठ बसून होत्या. कुणी टाळ्या वाजवल्या की त्याही वाजवायच्या. हातातल्या कागदाची आधी एक घडी झाली. मग दुसरी. मग तो मुठीत गेला. मी दोनदा सूत्रसंचालकांना चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती वाचून खिशात ठेवली.

अडीच तासांनी सूत्रसंचालक घड्याळ बघत म्हणाले, "आपला वेळ संपलाच आहे. जेवणही तयार आहे. पण ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम आहे, त्यांचं ऐकल्याशिवाय कसं जायचं? रत्नम्मा, प्लीज, फक्त एका वाक्यात!"

अण्णांनी ते त्यांना कन्नडमध्ये सांगितलं. सांगताना त्यांची मान खाली होती. मला वाटलं, फलक टाकून हॉलबाहेर पळून जावं.

रत्नम्मांनी माइक हातात घेतला. मग वळून मागच्या बॅनरकडे बोट दाखवत अण्णांना विचारलं, काय लिहिलंय ते?

अण्णांनी कन्नडमध्ये वाचून दाखवलं. बायकांचा वेळ जातो कुठे?

रत्नम्मांनी मान डोलावली. व्यासपीठावरच्या चौघांकडे एकेक करून पाहिलं. सूत्रसंचालकांकडे पाहिलं. समोरच्या भरल्या हॉलवरून नजर फिरवली. आणि माइक तोंडाजवळ नेला.

"इल्ली."

माइक टेबलावर ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि त्या शांतपणे पायऱ्या उतरून दाराकडे चालू लागल्या.

ज्यांना कन्नड येत होतं त्यांनी हातातल्या कागदांत डोकं घातलं. ज्यांना येत नव्हतं ते सगळे अण्णांकडे बघायला लागले. इनग्रिड मॅडम पेन उघडून तयार होत्या.

अण्णा उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. आणि स्वच्छ इंग्रजीत भाषांतर केलं.

"हियर."