तिसऱ्या नमुन्याची दृष्ट

हिरामणदादाला मी नेहमी चिडवते, की देवाने तुझ्या बोटांत मायक्रोमीटर बसवूनच पाठवलंय. वडखळच्या खाडीकाठचा, मिठागरवाल्यांच्या घरातला हा माणूस वीस वर्षं रोह्याला लेथवर धातू कातायचं काम करतोय. स्क्रूच्या आट्यावरून नुसतं बोट फिरवतो आणि सांगतो, बसेल की नाही. माझी यंत्रं नंतर तेच सांगतात. मग तपासनीस म्हणून मला पगार तरी कशाला देतात!

गेल्या हिवाळ्यात आमच्या एवढ्याशा वर्कशॉपला जन्मात आलं नव्हतं असं काम आलं. अणुभट्टीत इंधनाच्या लांबलचक कांड्या असतात. आता सलग कांडीऐवजी उसाच्या पेरांसारखे आखूड तुकडे हवे होते, आट्यांनी एकमेकांत बसणारे. ज्यापासून औषधाचा किरणोत्सारी आयसोटोप बनतो तो माल एका पेरात ठेवायचा आणि तयार झाला की तेवढंच पेर सोडवून घ्यायचं. आम्हाला फक्त रिकामे नमुने करायचे होते. ते काम दादाने भांडून मागून घेतलं. त्याची बहीण सगुणा थायरॉइडच्या कॅन्सरमधून उठली, ती अणुभट्टीत तयार झालेल्या आयोडीनमुळे.

"माझ्या सगुणेचं औषध हाय ता," तो म्हणाला. "त्याचा आटा दुसरा कोण कापनार?"

पहिला नमुना परत आला. मापं चोख, पण वर मिठाचा अंश! मीठ धातूला खातं, म्हणून तिथे कणभरही चालत नाही. दुसऱ्यात तर अंश दुप्पट. आम्ही पाणी बदललं, तेल बदललं, मी सगळ्यांना हातमोजे घालायला लावले आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. तिसराही परत आला तर काम दुसरीकडे जाईल, असं मालकांनी सांगून टाकलं. दादाला जेवण जाईना.

तिसऱ्या नमुन्याच्या दिवशी मी पॅकिंगच्या पिशव्या आणायला निघाले आणि कपाटाची चावी विसरले म्हणून मागे फिरले. बघते तर धुऊन ठेवलेल्या पेरांवरून दादा मूठ ओवाळतोय, तोंडाने काहीतरी पुटपुटतोय.

"दादा! मुठीत काय हाय?"

त्याने मूठ उघडली. घरच्या मिठागरातलं जाडं मीठ!

"दृष्ट काढीत होतो गो. पहिल्या खेपेला एक मूठ ओवाळली, तरी परत आला म्हंजे नजरच लागली ना? मागल्या खेपेला तर दोन मुठी ओवाळल्या."

मी किंचाळलेच. मग हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. दादाचा चेहरा मात्र उतरला.

"म्हंजे मीच माती कालवली? सगुणेच्या औषधात?"

"अजून माल गेलेला नाय! बघत काय बसलायस, धुवायला घे!"

शुद्ध पाण्यात तीनदा धुतलं, सुकवलं, मी स्वतः पिशव्या बंद केल्या. पुढचे नऊ दिवस फोन वाजला की मी हातातलं काम टाकून केबिनकडे धावायचे.

दहाव्या दिवशी मालक केबिनमधून ओरडतच बाहेर आले. पास! लेथ थांबले, कुणी शिट्ट्या मारल्या, मी उड्या मारल्या. दादा हळूच जवळ आला.

"आता काढू का दृष्ट? मीठ गेटाबाहेर ठेवलाय."

मी त्याला हाताला धरून गेटाबाहेर नेलं, मीठ माझ्या मुठीत घेतलं आणि त्याच्या दोन्ही हातांवरून ओवाळलं.

"माझी कशाला गो?" तो म्हणाला.

"नजर लागण्यासारखं इथे दुसरं काय हाय?"

त्याने लगेच हात मागे लपवले. मीठ लागेल म्हणून.